सिंदफणेला गेलेली साळू

माजलगाव,
११ जुलै २०२३

तीर्थस्वरूप अण्णांना वनमालाचा नमस्कार.

कानाला यंत्र लावूनही फोनवरचं तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आदिनाथचा ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. रक्ताच्या तपासणीत काहीतरी निघालं आहे. पुढच्या आठवड्यात त्याला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे. हे कळवायचंच होतं. पण पत्राचं खरं कारण दुसरं आहे. हसू नका.

सासूबाई होत्या तोवर आदिनाथला पाळण्यात घालून साळुंकीचं गाणं म्हणायच्या. आता तो पाच वर्षांचा झाला, तरी सुई दिसली की तेच गाणं मागतो. सुरुवात आम्हां दोघांनाही पाठ आहे:

साळू गेली सिंदफणेला,
चोचीत पाणी आणायला;
बाळ माझं जागं हाय,
साळू अजून येती काय?

भांडण पुढं आहे. तुमचे पुतणे म्हणतात, साळू बांधावर थांबली आणि तिनं जोंधळ्याला पाणी पाजलं. मी म्हणते, ती लिंबावर बसली आणि पाणी पानांवर सांडलं. परवा इथल्या दवाखान्यात सगळ्यांसमोर जुंपली.

"तुमच्या आईनं मला शेजारी बसवून शिकवलंय."

"माझी आई व्हती ती. मी मांडीवर ऐकलंय. तू नंतर आलीस."

अशा वेळी निवाडा आदिनाथ करतो. "काल बांधावर थांबली व्हती, आज लिंबावर बसू द्या," असं त्यानं म्हटलं की आम्ही दोघंही गप्प. पण आता त्याला शेवट पाहिजे आहे. साळू पाणी घेऊन आली का नाही? तो शेवट आम्हांला आठवत नाही. काल म्हणाला, "पाटोद्याच्या आबांना विचार. त्यांना समदं येतं."

तुम्हांला येत असेल तर कळवा.

तुमची,
वनमाला


पाटोदा,
१६ जुलै २०२३

चि. सौ. वनमाला हीस आशीर्वाद.

"काहीतरी निघालं आहे" हे विधान नव्हे. अहवालातील शब्द जसेच्या तसे उतरवून पाठव.

गाण्याविषयी. तू दोन पाठ कळवले आहेस. एकच साळुंकी एकाच वेळी बांधावर आणि लिंबावर असू शकत नाही. म्हणून दोन्ही पाठ खरे असणे अशक्य आहे. दोन्ही खोटे असणे मात्र शक्य आहे, आणि ही शक्यता तुम्हां दोघांपैकी कोणीही विचारात घेतलेली दिसत नाही. निवाडा करणाऱ्याविषयी मला प्रेम आहे. परंतु ज्याचा निवाडा रोज बदलतो, त्याच्यावर पाठनिश्चिती सोपवता येणार नाही.

पद्धत अशी ठेवा. तू आणि रविराज यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना न विचारता, जेवढे आठवते तेवढे लिहावे. साक्षीदारांनी एकमेकांचे ऐकून साक्ष दिली की दोघांच्याही साक्षीचे मोल जाते. दोन्ही कागद माझ्याकडे पाठवा. जुळणारा भाग ग्राह्य धरू, उरलेल्याचा शोध घेऊ.

माझ्यापुरते सांगायचे तर मला पहिल्या दोन ओळींपलीकडे काही येत नाही. मनकर्णावहिनी हे गाणे म्हणत तेव्हा मी ओसरीवर तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत असे, आणि मधले दार लोटून घेत असे.

मोहनराव


छत्रपती संभाजीनगर,
५ ऑगस्ट २०२३

तीर्थस्वरूप अण्णांना नमस्कार.

अहवालातले शब्द: अ‍ॅक्यूट ल्युकेमिया. डॉक्टरांनी मराठीत सांगितलं तेव्हा मी एकटीच होते. हे खाली औषध आणायला गेले होते.

तुम्ही सांगितलेली पद्धत करून पाहिली. इथं वेगळ्या खोल्या कुठल्या. मी वॉर्डात बसले, हे जिन्यात. ह्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद पायरीवर ठेवून निघून गेले. संध्याकाळी चहाच्या टपरीवर सापडले. मी म्हटलं, अहो, अण्णांना कागद पाठवायचाय. तर म्हणाले, "आईचा आवाज आठवतो. शबूद आठवायला गेलं की आवाज जातो." माझा कागद तर कोराच राहिला. दोन्ही पाठवत नाही.

शेजारच्या खाटेवर आष्टीकडच्या रतनबाई आहेत, नातीला घेऊन आल्यात. ऊसतोडीला जाणारं घर. बाई मोठी गमती. आमचं बांध-लिंब सुरू झालं की म्हणतात, "ह्या नवराबायकूचं भांडण ऐकायला तिकीट लावलं तर माझ्या नातीचं औषिद फुकट व्हईल." एकदा म्हणाल्या, "दोगांचंबी बराबर हाय की गं. कावून भांडताव?" आमचं मन राखायला म्हणाल्या असतील. गाणं त्यांच्या भागातलंच निघालं म्हणून मी शेवट विचारला. तर "मला न्हाई येत" म्हणून भरलेलाच डबा घासायला उठून गेल्या. त्याही विसरल्या असतील.

आदिनाथचे केस गेले. तो आरशात बघून म्हणाला, "आता मी बी आबासारखा." मग म्हणाला, "आबांना अजून न्हाई कळलं? मास्तर हायत ना ते?"

अण्णा, त्याला दुसरं काही देता येत नाही. एवढं शोधून द्या.

वनमाला


पाटोदा,
२४ ऑगस्ट २०२३

चि. सौ. वनमाला हीस आशीर्वाद.

शोध पूर्ण झाला आहे.

तुमच्या दोन न आलेल्या कागदांवरून एवढे निश्चित झाले की साक्षीदार तिसरा हवा. मनकर्णावहिनींची धाकटी बहीण बायनाबाई आष्टीजवळ मुलाकडे असते, हे तुला माहीत आहे. मी एसटीने जाऊन तिला भेटलो. आदिनाथच्या आजाराचा उल्लेख मी हेतुपुरस्सर टाळला. दया आली की साक्षीदार विचारणाऱ्यास हवे ते सांगतो. जुनी गाणी जमवीत आहे, एवढेच कारण दिले.

ती प्रथम म्हणाली, "एवढंच हाय. पुढं न्हाई."

मी विचारले, "साळू पाणी आणायला गेली. ते पाणी कुणासाठी?"

"तुमी मास्तर मानूस. तुमाला कावून पायजेत बायकांची गाणी?"

मधल्या भागाविषयी तिचे म्हणणे असे: "मधी कायबी म्हणा. लेकरू निजंपतोर साळूला हिंडवायचं. बांधावर बसवा, लिंबावर बसवा, आष्टीच्या बाजारात न्या. पर पोचू द्यायची न्हाई." पाठ विसरलेली माणसे पाठच नव्हता असे सांगतात, हा विस्मरणाचा नेहमीचा बचाव होय. मी तो मान्य केला नाही. पोचू द्यायची नाही याचा अर्थ पोचण्याचे कडवे आहे, हे तिला दाखवून दिले. पुष्कळ आग्रहानंतर, माझ्याकडे पाठ करून, चुलीकडे पाहत तिने ते म्हटले. सोबत एक अट सांगितली. ती गाण्याच्या वापराविषयी आहे, पाठाविषयी नाही. म्हणून येथे नमूद करीत नाही. कडवे असे:

साळू आली दाराशी,
पाणी ठेवलं उशाशी;
निजलं बाळ, हाक न्हाई,
पाळण्याला झोका न्हाई.

रचना पाहा. पहिल्या कडव्यात उभा केलेला प्रश्न येथे निःशेष सुटतो. बाळ जागे होते, ते निजले; साळू गेली होती, ती आली. ज्याने हे रचले, त्याला निष्कर्ष म्हणजे काय ते ठाऊक होते. आदिनाथला सांग, आबांनी शोधून काढले.

मोहनराव


छत्रपती संभाजीनगर,
१९ सप्टेंबर २०२३

अण्णा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आदिनाथला तपासायला खाली नेलं होतं. तो परत आला की म्हणून दाखवावं म्हणून मी कागद हातात घेऊन हळू आवाजात घोळत बसले होते. तिसऱ्या ओळीवर रतनबाई खाटेवरून उठल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला.

"गप! गप बस, बाई! काय म्हणायलीस? कुणी शिकवलं तुला हे?"

मी म्हटलं, आमच्या अण्णांनी पाठवलंय, गाण्याचा शेवट आहे.

"त्यो मास्तर हाय का कोण हाय? आगं, लेकरू गेल्यावर पाळणा उतरवत्यात, तवा म्हणायचं हे. जित्या लेकराच्या खाटंला बसून म्हणायलीस व्हय?"

मग त्याच रडायला लागल्या. त्यांनी हे दोनदा म्हटलेलं आहे, अण्णा. एकदा लेकीसाठी आणि एकदा तिच्या थोरल्या पोरासाठी. मी शेवट विचारला तेव्हा त्या डबा घेऊन का उठल्या, ते मला तेव्हा कळलं.

तुमच्या पत्रात एका अटीचा उल्लेख आहे. बायनामावशींनी तुम्हांला हे सांगितलं होतं का? मला बाकी काही नको. हो किंवा नाही, एवढंच कळवा.

त्या दिवसापासून मी गायले नाही. आदिनाथ रोज मागतो.

वनमाला


पाटोदा,
२६ सप्टेंबर २०२३

चि. सौ. वनमाला हीस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हो. बायनाबाईचे शब्द असे होते: "पाळणा उतरवतानाच म्हणायचं. कुण्या लेकराम्होरं तोंडातून काढू नका."

मी ते कळवले नाही, कारण ते कळवण्याने भीतीखेरीज काही साधले नसते. आता त्या भीतीने तुला दुसऱ्या वाटेने गाठलेच आहे. म्हणून तिचा विचार करू. एखादे कडवे दुःखाच्या प्रसंगी म्हटले जाते, यावरून ते दुःख आणते असे सिद्ध होत नाही. पावसात छत्री उघडतात. छत्री उघडल्याने पाऊस पडत नाही. रतनबाईंनी ते दोनदा म्हटले, दोन्ही वेळा मृत्यूनंतर. म्हणजे त्यांच्याच साक्षीप्रमाणे मृत्यू आधी आणि कडवे मागाहून. कारण कधीही कार्यानंतर येत नसते. शिवाय आदिनाथ त्या वेळी खोलीत नव्हता. त्याने एक अक्षरही ऐकलेले नाही.

कडवे गाळ, आणि उरलेले पूर्वीप्रमाणे म्हणत जा. गाणे थांबवण्यास कोणतेही कारण शिल्लक राहत नाही. औषधांचा तपशील कळव.

मोहनराव


माजलगाव,
२ नोव्हेंबर २०२३

अण्णा,

आदिनाथ मंगळवारी गेला. सगळं उरकलं. तुम्ही येऊ नका, असं वनमाला म्हणते. मी काही म्हणत नाही.

पाळणा माळ्याखाली कडीला तसाच होता, जुनी गोधडी घालून. मी एकट्यानं उतरवला. तवा कुणीच काही म्हटलं न्हाई.

रविराज


पाटोदा,
१२ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. वनमाला हीस.

रविराजचे पत्र मिळाले. सांत्वनाची वाक्ये मला येत नाहीत, आणि ऐकून घेण्याची इच्छा तुलाही नसेल. दारावर यायला निघालो होतो. पाटोद्याच्या स्थानकावर दोन गाड्या सोडल्या आणि परत आलो, कारण तुझी इच्छा स्पष्ट होती.

एक गोष्ट मात्र लिहिणे भाग आहे. तू मला दोष देतेस, असे तुझ्या मौनावरून दिसते. ज्या गोष्टीचा दोष तू देतेस ती घडलेली नाही, हे तुला शोकातही दिसावे अशी माझी इच्छा आहे. आजार जुलैत सिद्ध झाला होता. माझे पत्र ऑगस्टचे. डॉक्टरांनी आशा किती ठेवली होती, हे तू मला कधी लिहिले नाहीस. पण न लिहिण्यातून ते कळत होते. त्या चार ओळींनी त्याचे काहीही केलेले नाही. असे मानशील तर आयुष्यभर एका असत्याबरोबर राहशील, आणि ते मला तुझ्यासाठी नको आहे.

उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

मोहनराव


माजलगाव,
२१ जानेवारी २०२४

अण्णांना नमस्कार.

त्या कडव्यानं माझं लेकरू नेलं, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. पत्रं परत वाचून बघा. रतनबाई सुद्धा असं म्हणाल्या नाहीत. जो वाद तुम्ही दोन पत्रांत जिंकलात, तो घातलाच कुणी नव्हता.

काय झालं ते सांगते. आदिनाथ रोज संध्याकाळी गाणं मागायचा. मी तोंड उघडायची. साळू गेली सिंदफणेला, इथवर यायचं. पुढं तिला बांधावर बसवावं तर ती मला दाराकडं निघालेली दिसायची. लिंबावर बसवावं तर तिथूनही दारच दिसायचं. आधी ती कुठंही जायची, अण्णा. एकदा त्यानं तिला माजलगावच्या धरणावर नेलं होतं, आणि पाणी बघून ती कशाला आली होती तेच विसरली म्हणून तो पोट धरून हसला होता. तुमचं पत्र आल्यावर तिला एकच रस्ता राहिला. कडवं गाळ म्हणून तुम्ही लिहिलंत. कागदावरून गाळता येतं.

ह्यांनी म्हणायला घेतलं, तर तो म्हणाला, "आईनं म्हणू द्या." मी भिंतीकडं बघत बसले.

मग एक दिवस विचारलं, "आई, आबांनी शेवट न्हाई का पाठवला?"

मी म्हटलं, न्हाई रे.

"मग साळू अजून वाटंतच हाय," म्हणाला. आणि मला थोपटलं. त्यानं मला थोपटलं, अण्णा. त्यानंतर त्यानं गाणं मागणं सोडून दिलं. सुई टोचताना ओठ मिटून पडून राहायचा. एवढ्या लेकरानं एवढं शहाणं होऊ नये.

त्याला जायचंच होतं, हे मला तुमच्याआधी कळलं होतं. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला द्यायला माझ्याकडं एकच गोष्ट होती, तीही अर्धीमुर्धी. ती तुम्ही पूर्ण केलीत.

वनमाला


पाटोदा,
९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. वनमाला हीस.

पत्रे परत वाचली. तू म्हणतेस ते बरोबर आहे. तू न केलेल्या आरोपाचे मी उत्तर देत होतो, आणि ज्याचे उत्तर द्यायचे त्याकडे माझे लक्ष नव्हते.

पहिल्या पत्रात मी लिहिले होते की दोन्ही पाठ खरे असणे अशक्य आहे. ते विधान मागे घेतो. बायनाबाईने मला सर्व सांगितले होते: साळूला हिंडवायचे असते, आणि पोचू द्यायची नसते. हा बचाव नव्हता. हाच पाठ होता. तुम्ही दोघे रोज तो बिनचूक म्हणत होता. रतनबाई तसे म्हणाल्या, आणि तूही ते मला लिहून कळवले होतेस. तीन साक्षी जुळत होत्या. मी त्या तिन्ही फेटाळल्या, कारण शेवट नसलेली गोष्ट मला अपुरी वाटली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा आष्टीला गेलो आणि बायनाबाईला या वेळी सर्व सांगितले. ती रागावली नाही. "तवाच सांगायचं व्हतं, मास्तर," एवढे म्हणाली आणि आत गेली. मी पुष्कळ वेळ ओसरीवर बसलो. दार तिने लोटून घेतले होते.

एक विनंती आहे. ती नाकारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. शेवटचे कडवे मी माझ्याकडून पुसले आहे. पाठ झालेले पुसता येत नाही, हे मला माहीत आहे. त्या जागी आदिनाथची साळू असावी असे वाटते. ती कुठे कुठे गेली, कुठल्या संध्याकाळी कुठे बसली, पाणी कुठे सांडले, हे तू आणि रविराजने मला लिहून कळवावे. वेगळ्या खोल्यांत बसू नका. जुळले नाही तरी चालेल. मी काहीही तपासणार नाही.

मोहनराव


माजलगाव,
३ मार्च २०२४

अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "लिहू."

काल दुपारी बसलो. आदिनाथची खाट अजून त्याच जागी आहे, हलवायला दोघांचाही हात होत नाही. मी वही घेतली. धरणाची गोष्ट लिहिली. ती एकच आम्हां दोघांनाही सारखी आठवते. पुढं काही जमेना. एकदा ती साखर कारखान्याच्या चिमणीवर बसली होती, असं हे म्हणतात. मला ते आठवत नाही. बाजारात कुणाच्या तरी टरबुजावर बसली होती, असं मला वाटतं. हे म्हणतात, तसं कधी झालंच नाही. एवढ्या संध्याकाळी गेल्या, आणि वहीत अर्धं पानसुद्धा भरलं नाही. तुम्हांला पाठवण्यासारखं काही नाही.

शेवटी म्हटलं, संभाजीनगरला न्यायच्या आदल्या संध्याकाळचं तरी नक्की लिहू, त्या दिवशी आपण दोघंही जवळ होतो. ती घरातली शेवटची होती.

हे म्हणाले, "बांधावर."

मी म्हटलं, "लिंबावर."

आणि सवयीनं आम्ही दोघांनीही खाटेकडं बघितलं.

वनमाला